माळ, उतार आणि लवण



बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पाली हे गाव येते. गावाजवळ बिंदुसरा नदीवरचे धरण आहे, आणि दक्षिणेला बालाघाटाचा डोंगर आडवा उभा आहे. घाट चढून वर गेले की मांजरसुंबा. आज मला जमिनीच्या सुपीकतेविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी पालीचे शिवार मी मुद्दाम डोळ्यांपुढे ठेवले आहे. कारण असे की, डोंगर, उतार, सखल रान, नदी आणि धरण ही पाचही एका नजरेच्या टप्प्यात दिसतील अशी ठिकाणे फार नसतात. विद्यार्थ्यांना घेऊन सहलीला जावे आणि भूगोलाच्या पुस्तकातले एक प्रकरण उघड्यावर वाचावे, अशी ही जागा आहे.

आपल्याकडचा शेतकरी आपली जमीन सर्व्हे नंबराने कमी आणि नावाने अधिक ओळखतो. वरचे खडकाळ, मुरमाड रान तो माळ म्हणतो, कोणी बरड म्हणतो. मधले ते उताराचे रान. आणि खाली, जिथे पावसाचे पाणी थबकते आणि काळी माती साचते, ते लवण. मुलगी द्यायची झाली तर पूर्वी विचारीत, पाहुण्यांचे रान माळाला आहे की लवणात? एवढ्या एका प्रश्नात घरची सुबत्ता कळत असे. त्यामुळे आपल्या मनात एक समजूत पक्की बसलेली आहे की, जमीन जितकी उंच तितकी ती गरीब. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी तपासून पाहण्यासाठी आजचे भाषण.

आधी उंची म्हणजे काय ते पाहू. उंचीचे दोन अर्थ आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक उंची समुद्रसपाटीपासूनची. दुसरी उंची म्हणजे उतारावरची जागा, म्हणजे आपले शेत शेजाऱ्याच्या वर आहे की खाली. पहिल्या उंचीचे काम हवेमार्फत चालते. दर हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. थंडाव्यात पालापाचोळा सावकाश कुजतो, त्यामुळे मातीत काळा कुजका अंश, ज्याला आपण सेंद्रिय कर्ब म्हणतो, तो साठून राहतो. निलगिरी पर्वतावर उटकमंडच्या बाजूला, दोन हजार मीटरांच्या वर, रानातली माती याच कारणाने कर्बाने भरलेली असते. म्हणजे तिथे वरची जमीन श्रीमंत. पण त्याच निलगिरीत उभ्या उतारावर बटाट्याची लागवड झाली तेव्हा ती माती पावसाबरोबर खाली धावू लागली, आणि 1954 साली उटकमंडला मृदसंधारणाचे संशोधन केंद्र काढावे लागले. आपले महाबळेश्वर घ्या. तेही तेराशे मीटरांवर आहे, पण तिथला पाऊस इतका धो-धो की मातीतला चुना आणि इतर क्षार धुऊन जातात आणि मागे तांबडा जांभा राहतो. तेव्हा उंच जमीन गरीब की श्रीमंत, या प्रश्नाला सगळीकडे लागू पडेल असे एकच उत्तर नाही.

आता आपला बालाघाट. पालीच्या सपाटीपासून घाटमाथ्यापर्यंतचा चढ शे-दोनशे मीटरांच्या घरातला. एवढ्या चढाने हवेत फरक पडणार तो फार तर एका अंशाचा. घाट चढून गेल्यावर वारा जरा बरा लागतो, एवढेच. एका अंशाने मातीचे नशीब बदलत नाही. आणि याचा पुरावाही वरच आहे. मांजरसुंब्याच्या पलीकडे चौसाळ्याच्या बाजूला गेलात तर घाटमाथ्यावर सपाट रान लागते, आणि त्या सपाट रानात मध्यम काळी, ज्वारी पिकवणारी चांगली जमीन आहे. ती पालीपेक्षा उंच आहे, तरी पालीच्या डोंगरउतारावरच्या रानापेक्षा सरस आहे. म्हणजे बीड जिल्ह्यात पहिली उंची जवळजवळ बिनकामाची, आणि सगळा खेळ दुसऱ्या उंचीचा, म्हणजे उताराचा आहे.

जुन्या लोकांनी या मुलखाचे दोन भाग फार पूर्वीच पाडले होते. फारशीत बाला म्हणजे वरचा आणि पाईन म्हणजे खालचा. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पायनघाट. गोदाकाठच्या पट्ट्याला गंगथडी हे आणखी एक नाव. या नावांत जमिनीची सारी हकिकत आहे. माथ्यावर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. दक्षिणेकडे वळलेला मांजरा नदीला मिळतो, उत्तरेकडे वळलेला बिंदुसरेतून सिंदफणेला आणि सिंदफणेतून गोदावरीला. पाणी रिकाम्या हाताने कधी जात नाही. जाताना ते माती घेऊन जाते.

ही माती मुळात आली कुठून? दख्खनचे पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाले. टणक थर कड्यासारखे उभे राहिले, ठिसूळ थर झिजून त्यांच्या पायऱ्या झाल्या. बालाघाटाकडे दुरून पाहिले तर या पायऱ्या स्पष्ट दिसतात. तो काळा खडक कुजला की आधी मुरूम होतो, मुरूम कुजून माती होते. ती जागच्या जागी राहिली असती तर माळावरही कंबरभर माती असती. पण उतारावर ती राहत नाही. पाऊस पहिल्यांदा उचलतो ते सर्वांत बारीक कण, आणि पिकाचे अन्न धरून ठेवणारे कण नेमके तेच असतात. कुजका अंश वजनाला हलका, तोही त्यांच्याबरोबर तरंगत जातो. म्हणून ओघळीतून वाहणारा गढूळ लोंढा मागे राहिलेल्या मातीपेक्षा अधिक कसदार असतो. दुधावरची साय कोणी काढून न्यावी तसा हा प्रकार आहे. मागे राहते ती रेवाळ, भरड माती. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची माती वाहून नेण्याची ताकद दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे उताराचा थोडासा फरकही फार महाग पडतो.

म्हणून वरपासून खालपर्यंत मातीची एक उतरंड लागते. माळावर वीतभर माती आणि खाली मुरूम. पाणी धरत नाही, आठ दिवस पावसाने ओढ दिली की पीक माना टाकते. मधल्या उतारावर हातभर, मध्यम काळी, नांगराला हलकी. लवणात पुरुषभर काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. वरून वाहून आलेला चुना आणि क्षार इथे जमतात, त्यामुळे चुनखडीचे खडे सापडतात ते बहुधा खालच्या अंगाला. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसे असते. उणे असते ते नत्र आणि स्फुरद, आणि चुनखडीच्या रानात जस्त व लोह असूनही पिकाच्या हाती लागत नाही. तेव्हा लवणातली जमीन सर्व बाबतींत उजवी असे समजू नये. तिच्या तक्रारी वेगळ्या आहेत, इतकेच.

हे ज्ञान काही आजचे नव्हे. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाची पाहणी झाली, तिचे नियम विंगेट, गोल्डस्मिड आणि डेव्हिडसन या तिघा अधिकाऱ्यांनी 1847 साली एका संयुक्त अहवालात घालून दिले. पुढे निजामी मराठवाड्यातही त्याच धर्तीवर पाहणी झाली. प्रतवारी करणारा कारकून शेतात खड्डा घेऊन मातीची खोली हातांनी मोजी. उत्तम पोताची माती पावणेदोन हात खोल असली की जमीन सोळा आणे. खोली कमी होत जाई तसे आणे उतरत. शिवाय दोष धरले जात: चुनखडी आहे का, वाळू मिसळली आहे का, रान उताराचे आहे का, वरून पाण्याचा लोंढा येतो का. प्रत्येक दोषाला खूण ठरलेली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सारा वसूल करणाऱ्या माणसाने उतार हा जमिनीचा दोष म्हणून कागदावर नोंदवला, हे मला नेहमी कौतुकाचे वाटते. सारा किती बसवला हा प्रश्न निराळा!

पण त्या पाहणीत एक गोष्ट धरलेली नव्हती. जमीन आज जशी आहे तशीच उद्या राहील असे तिने मानले. तिचा मालक तिला कसा वापरतो हे तिने विचारले नाही. आणि इथेच आपल्या विषयाचा दुसरा, माझ्या मते मोठा, भाग सुरू होतो.

एकाच उंचीवरची दोन रुमण्याएवढ्या अंतरावरची जमीन घ्या. एका बाजूला जुना बांध, त्यावर गवत, एखादी बोर, एखादा लिंब, वर्षानुवर्षे नांगर न लागलेला. दुसऱ्या बाजूला नांगरलेले शेत. खडक तोच, पाऊस तोच, उतार तोच. तरी बांधाखालची माती काळसर, भुसभुशीत, मुळ्यांनी विणलेली असते आणि शेतातली फिकट व ढेकळांची. फरक कशाचा? वापराचा. गवताची मुळे दर वर्षी मातीतच कुजतात. नांगराने माती उघडी पडली की आपल्या उन्हात तिच्यातला कुजका अंश झपाट्याने जळतो. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला की ती जमीन कर्बाने कमी असे धरतात. आपल्याकडच्या पुष्कळ शेतांचा दाखला त्या रेघेच्या खालीच येतो.

आणि तो कुजका अंश परत मिळण्याच्या वाटा आपणच बंद केल्या. शेण पुष्कळ ठिकाणी गोवऱ्या होऊन चुलीत गेले. तुराट्या-पऱ्हाट्यांचे सरपण झाले. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, उकिरडे ओस पडले. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवण्याची जुनी चाल होती, तीही विरळ झाली.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. ती सहसा जमिनीच्या संदर्भात कोणी बोलत नाही. डोंगरपट्ट्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. माळाची जमीन वर्षभर पोट भरत नाही, म्हणून जावे लागते. पण ज्यांची बैलगाडी असते ते बैलही नेतात. पाच-सहा महिने त्या बैलांचे शेण पडते ते दुसऱ्यांच्या मुलखात, कारखान्याच्या तळावर. ज्या महिन्यांत रानाला बांध घालायचा, खत पसरायचे, ओघळी बुजवायच्या, त्या महिन्यांत घरी म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. माणूस परततो तो पेरणीच्या घाईला. जमीन गरीब म्हणून माणूस जातो, आणि माणूस जातो म्हणून जमीन आणखी गरीब होते. शेतकऱ्याला आळशी म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

माती उघडी किती दिवस राहते, हाही वापराचाच प्रश्न. आपल्याकडे पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आतबाहेर, पण तो सारखा पडत नाही. एखाद्या दुपारी तासाभरात दोन-तीन इंच कोसळतो. त्या तासाभरात जमिनीवर काय आहे यावर सारे अवलंबून. रब्बीची ज्वारी घेणारे खोल काळे रान पावसाळाभर मोकळे ठेवून वखराच्या पाळ्या घालतात. तण मरते, ओल मुरते, हे खरे. पण सबंध पावसाळा ती जमीन उघडी, आणि चिकण मातीत पाणी हळू मुरते, म्हणून मंद उताराच्या काळ्या रानातूनही माती पुष्कळ जाते. उलट माळावर हुलगा, मटकी यांसारखी जमिनीवर पसरणारी पिके असली तर हलक्या रानाचेही अंग झाकले जाते. बाजरीत तूर घालण्याची आपली रीत तर फारच शहाणपणाची. बाजरी निघाली तरी तूर उभी, तिची मुळे खोल, आणि तिचा पाला शेतातच गळतो. सोयाबीन वाढले तसा उताराच्या रानातून हुलगा गेला, मटकी गेली, बाजरीही मागे हटली. सोयाबीनला दोष द्यावा असे माझे म्हणणे नाही. त्याच्या मुळांवरही नत्राच्या गाठी असतात आणि त्याला रोख पैसा आहे. पण ते काढले की जमीन उघडी पडते आणि परतीचा पाऊस उघड्या रानावर पडतो, एवढे ध्यानात ठेवावे.

आता वाटणीची गोष्ट. ही मला फार बोलकी वाटते. बापाची जमीन डोंगरापासून ओढ्यापर्यंत असते आणि मुलगे तिघे. आडव्या रेघा मारून वाटले तर एकाला नुसता माळ आणि एकाला नुसते लवण येणार. हा अन्याय कोण सोसेल? म्हणून पंच उभ्या रेघा मारतात. प्रत्येकाला थोडा माळ, थोडा उतार, थोडे लवण. न्यायाने पाहिले तर याहून चांगली वाटणी नाही. पण पट्टा झाला लांब आणि अरुंद, डोंगरावरून खाली उतरणारा. अरुंद पट्ट्यात आडवा नांगर फिरवायला जागा नाही, म्हणून नांगर चालतो उभा, उताराच्या दिशेने. प्रत्येक तास म्हणजे पाण्याला करून दिलेला पाट. भावाभावांतला न्याय मातीला असा महाग पडतो. 1947 साली मुंबई राज्यात तुकडेबंदीचा कायदा झाला, पण आजोबांच्या वेळच्या पाच एकरांचे नातवांच्या वेळी एकेक एकर होते ते कायद्याने थांबले नाही. माझे म्हणणे असे की, वाटणी उभी करायची तर करा, पण नांगर तिघांनी मिळून आडवा चालवा. बांध मोडायची गरज नाही. पेरणीआधीची नांगरट आणि पाळी तिघांच्या रानातून एकदमच आडवी घेता येते, आणि ट्रॅक्टरवाल्याला तर लांब तास हवेच असतात.

उताराला आडवे काम करावे हे शास्त्र आपल्याच मुलखात तपासले गेले. कोरडवाहू शेतीचे प्रयोग पुण्याजवळ मांजरीला 1923 साली सुरू झाले आणि 1933 पासून सोलापूरला. कानिटकरांचे नाव या कामाशी कायमचे जोडलेले आहे. बांध घालावे, पाणी अडवावे, नांगरट आणि पेरणी आडवी करावी, हे तिथून खेड्यांत आले. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लाखो हातांनी बांधबंदिस्ती झाली. तिचे अवशेष बालाघाटाच्या उतारांवर अजून दिसतात. मात्र एक सांगतो, आणि ते अनुभवाने सिद्ध झालेले आहे. हलक्या आणि मध्यम रानात समपातळीचे बांध उत्तम टिकतात. खोल काळ्या रानात ते फुटतात. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, बांधालाही भेगा पडतात, पहिल्या मोठ्या पावसात तिथून पाणी घुसते. न फुटले तर पाणी साचून पीक पिवळे पडते. तिथे थोडा उतार दिलेले ढाळीचे बांध घालून जादा पाणी सावकाश गवताच्या चरातून काढून द्यावे. एकच औषध सगळ्या उंचीवर चालत नाही.

इथे एक अडचणीचा प्रश्न येतो, तो टाळून चालणार नाही. माळावरच्या माणसाने बांध घातला, गवत राखले, झाडे लावली, तर त्याचा फायदा कोणाला? पहिल्या वर्षी तरी खालच्याला. त्याच्या विहिरीला पाणी वाढते, त्याच्या रानात लोंढा घुसत नाही. वरच्याचे तर बांधाखाली गेलेले रानही गेले. वरच्याने नांगर उभा मारला तर नुकसान कोणाचे? दोघांचे, पण खालच्याला ते उशिरा कळते. सुरुवातीला त्याला आयती माती मिळते, मग एक दिवस रेव आणि मुरूम येऊ लागतो. म्हणून मला असे वाटते की, वरच्या बांधाच्या खर्चात लवणवाल्याने वाटा उचलला पाहिजे. सरकारी योजना येते तेव्हा पाणलोट माथ्यापासून पायथ्याकडे हाताळावा असे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण योजना नसते त्या वर्षीही पाऊस पडतोच. दोन शेजाऱ्यांनी आपसांत ठरवायला कोणाची मंजुरी लागत नाही.

आणि खालचा म्हणजे केवळ शेजारी नव्हे. पालीच्या धरणाचाही यात भाग आहे. बीड शहर ज्या तलावाचे पाणी पिते त्या तलावात बालाघाटाच्या उतारांची माती बसते. ती किती, याची कल्पना यावी म्हणून एक साधा हिशेब सांगतो. देशातल्या जमिनीची धूप 1983 साली अंदाजली गेली, ती दर हेक्टरी दर वर्षी सुमारे 16 टन आली. 16 टन म्हणजे ढीग वाटतो, पण हेक्टरभर पसरला तर थर होतो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. डोळ्यांना दिसणारही नाही. वीस वर्षांत मात्र तो एक इंच होतो. ज्या माळावर मातीच वीतभर, त्याच्यातला एक इंच गेला तर काय उरले? शिक्षकांनी हे गणित वर्गात घालावे. इंच आणि मिलिमीटर यांचा उपयोग मुलांना तेव्हा पटेल. उघड्या उतारांवरून पाणी किती वेगाने येते हे बीडकरांनी 1989 च्या जुलैत बिंदुसरेच्या महापुरात पाहिले आहे.

धरणातला गाळ म्हणजे माळाची हरवलेली साय. ती परत वर नेण्यासाठी 2017 साली राज्य सरकारने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली. कल्पना चांगली आहे. पण गाळ कुठे टाकायचा याचा विवेक हवा. मुरमाड, हलक्या रानात तो पाणी धरून ठेवील. आधीच खोल आणि चिकण असलेल्या काळ्या रानात गाळ टाकणे म्हणजे पोट भरलेल्याला आग्रह करणे. निचरा बिघडतो. प्रत्यक्षात मात्र ज्याचे रान रस्त्याकाठी आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टर, त्याच्याकडे गाळ आधी पोचतो, आणि माळवाला वाट पाहत राहतो. टाकण्यापूर्वी गाळाची परीक्षा करून घ्यावी, क्षार जास्त नाहीत ना ते पाहावे, आणि गाळाबरोबर शेणखतही घालावे. गाळ म्हणजे खत नव्हे. आणि गाळ टाकलेल्या रानाला आडवा बांध नसेल तर तीच माती पुन्हा त्याच धरणात जाईल.

लवणातल्या मंडळींनी हे ऐकून निश्चिंत होऊ नये. त्यांची जमीन वाहून जात नाही, पण बुडते. नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी आले, ऊस आला, आणि काही वर्षांतच सखल काळी राने खारट होऊ लागली. डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी 1910 साली त्या खाऱ्या जमिनींवर सविस्तर लिहिले. कारण साधे आहे. खोल काळ्या मातीतून पाणी निचरत नाही, पाण्याची पातळी वर येते, ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ मागे राहते. पुढे जायकवाडीचा उजवा कालवा गेवराई-माजलगावकडे आला, आणि अशीच खोल काळी राने भिजू लागली. जिथे पाट आहे तिथे ही आठवण ठेवावी. चोपण झालेली जमीन सुधारायला चर, जिप्सम, ताग असे सगळे सोपस्कार लागतात, आणि वेळ लागतो. तेव्हा माळाचा वैरी पाण्याचा वेग आणि लवणाचा वैरी पाण्याचा मुक्काम.

मग माळाने काय करावे? ज्याच्याकडे नुसता माळच आहे त्याला तो पडीक ठेवा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्याला खायचे आहे. पण डोंगराने एक वाट दाखवलेली आहे. बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर सीताफळ कोणी न लावता उगवते, शेळी त्याला तोंड लावत नाही, आणि दर हिवाळ्यात त्याची पाने गळून खाली पसरतात. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आडवे सलग समतल चर खोदावेत, त्यांच्या काठाने सीताफळ, बोर, आवळा लावावा, मधल्या पट्ट्यात गवत राखावे आणि ते कापून आणून जनावरांना घालावे. मोकळे चारल्यास गवत टिकत नाही. पहिली तीन-चार वर्षे उत्पन्न नाही, हे मान्य. म्हणून सगळा माळ एकदम न लावता वरच्या पट्ट्यापासून सुरुवात करावी. पाणी तिथूनच वेग घेते.

शिक्षक मित्रांना दोन प्रयोग सुचवतो. खर्च काहीच नाही. तीन काचेच्या बरण्या घ्या. एकीत माळाची, दुसरीत उताराची, तिसरीत लवणाची माती तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरा, पाणी घाला, खळखळून हलवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून द्या. रेव मिनिटभरात तळाशी बसेल, पोयटा काही तासांत, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवील. तिन्ही बरण्यांतले थर पट्टीने मोजावेत. दुसरा प्रयोग वापराचा. जुन्या गवताळ बांधाखालचे एक वाळलेले ढेकूळ आणि शेजारच्या नांगरलेल्या शेतातले तेवढेच एक ढेकूळ पाण्याच्या दोन पेल्यांत अलगद सोडा. कोणते आधी विरघळते ते मुलांनाच सांगू द्या. पहिला प्रयोग उंचीचा, दुसरा माणसाच्या हाताचा.

आणि शेतकरी बंधूंना माती परीक्षणाविषयी शेवटी थोडेसे. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागल्या, ते चांगले झाले. पण पुष्कळजण सबंध रानातली माती एका पिशवीत मिसळून पाठवतात. माळ, उतार आणि लवण एकत्र केले की येणारा आकडा तिघांपैकी कोणाचाच नसतो. म्हणून तीन नमुने वेगळे घ्या. पीक निघाल्यावर, खत घालण्यापूर्वी, प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचे खड्डे घ्या. खड्ड्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. घमेल्यात मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, मागचे पीक आणि पुढचे पीक लिहाच, पण त्याबरोबर हे रान माळाचे, उताराचे की लवणाचे, तेही एका शब्दात लिहा. खताचा सल्ला देणाऱ्याला त्या एका शब्दाचा फार उपयोग होतो.